बेडकाशिवाय बेडकाचं प्रॅक्टिकल

सांगली जिल्ह्यातल्या एका फार्मसी कॉलेजात मी १९९७ पासून फार्माकॉलॉजी लॅबची, म्हणजे औषधं शरीरावर काय करतात ते शिकवणाऱ्या लॅबची, टेक्निशियन आहे. येत्या जूनला रिटायर होईन. प्राण्यांवरचे प्रयोग कॉम्प्युटरवर दाखवणारं सॉफ्टवेअर आमच्याकडे तीन वर्षांपूर्वी आलं. ते रोज सकाळी सुरू करायचं, पोरांना बसवायचं, अडलं की सोडवायचं, हे काम माझ्याकडे आहे. आसपासच्या कॉलेजांतून सारखी विचारणा होते, ‘मॅडम, तुमच्याकडचं कसं चाललंय? घेऊ का?’ प्रत्येकीला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

कंपनीचं नाव लिहीत नाही. वस्तू कॉलेजची आहे, आणि मी काही उणीदुणी पण लिहिणार आहे. शिवाय घेण्याआधी आम्ही अशी तीन पॅकेजं बघितली होती, तिन्हींची ठेवण जवळपास सारखीच. त्यामुळे एकाबद्दल लिहिलेलं बाकीच्यांनाही लागू पडेल.

आधी निकाल सांगून टाकते. घ्या. आणि घेतल्यावर त्यावर पूर्ण विसंबू नका.

हे कशाच्या बदल्यात आलं ते नव्या टेक्निशियन मुलींना माहीत नाही, म्हणून ते सांगायला हवं. मी लागले तेव्हा जुलै उजाडला की आमचे लॅबचे मामा आणि त्यांची दोन पोरं रात्री बॅटऱ्या घेऊन हरिपूरच्या बाजूला मळीत जायची. पाऊस पडून गेलेला, उसाच्या सरीत पाणी, आणि बेडूक ओरडत असायचे. सकाळी ओलं पोतं लॅबच्या दारात. मी मोजून घ्यायची आणि सिमेंटच्या हौदात सोडायची. बेडूक १९७२ च्या वन्यजीव कायद्यात आहे, असा धरून आणता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आमच्यात कुणी तो विषय काढला नव्हता.

मग पिथिंग, म्हणजे सुईने मेंदू आणि मज्जारज्जू निकामी करणं. डाव्या हातात बेडूक ओल्या फडक्यात धरायचा, तर्जनीने त्याचं डोकं पुढे वाकवायचं. कवटी संपते तिथे मानेवर एक बारीक खळगा लागतो. डोळ्यांनी दिसत नाही, बोटाला कळतो. तिथे सुई घालायची, आधी मेंदूकडे, मग उलटी फिरवून मणक्यात. मागचे पाय ताठ होतात, आणि मग एकदम सैल पडतात. तो सैल पडण्याचा क्षण माझ्या हाताला आजही आठवतो. पोरांना हे जमत नसे. अर्धवट झालं की बेडकाचे हाल. म्हणून सर म्हणाले, तुम्हीच करून देत जा. मी सोळा वर्षं करून दिलं.

आम्ही जैन. घरची शेती, पण चातुर्मासात रात्रीचं जेवण नाही, कंदमूळ नाही. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी विचारलं, ‘अगं, बेडूक मारायला पगार देत्यात होय?’ मी काही बोलले नाही. तेव्हापासून कॉलेजातून आलं की मागच्या दारी आंघोळ, आणि मगच स्वयंपाकघर. त्यांनी सक्ती केली नव्हती, मीच करत होते.

लॅबमध्ये बेडूक रजिस्टर होतं. तारीख, आलेले, वापरलेले, हौदात मेलेले, शिल्लक, सही. स्टॉकच्या इतर रजिस्टरांसारखंच, काळ्या पुठ्ठ्याचं, लाल कण्याचं. ‘वापरलेले’ या रकान्याची बेरीज मी केलीय. २,१४६. क्षमावाणीच्या दिवशी सगळ्या जीवांची क्षमा मागतो तेव्हा बाकीच्यांच्या मनात काय येतं माहीत नाही, माझ्या मनात हा आकडा येतो.

आता सॉफ्टवेअर. बी.फार्मच्या सध्याच्या अभ्यासक्रमात फार्माकॉलॉजीच्या प्रॅक्टिकलखाली स्पष्ट टीप आहे, की प्राण्यांचे सगळे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओवर दाखवायचे. त्यामुळे ‘घ्यावं की न घ्यावं’ हा खरं तर प्रश्नच नाही, कोणतं घ्यावं आणि कसं वापरावं एवढाच आहे. बेडूक बंद झाल्यापासून हे येईपर्यंत आम्ही तक्ते आणि जुन्या सीडीवर भागवलं. पुद्दुचेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत तयार झालेलं एक्सफार्म हे सॉफ्टवेअर तेव्हा बऱ्याच कॉलेजांत चालायचं, आमच्याकडेही होतं, आणि त्या काळाच्या मानाने ते उत्तमच होतं. आत्ताचं पॅकेज त्यापेक्षा मोठं आहे. बेडकाच्या पोटाचा रेक्टस स्नायू, बेडकाची अन्ननलिका, सशाचा डोळा, गिनीपिगचं आतडं, उंदराची रोटारॉड (फिरत्या दांड्यावरची तोलाची चाचणी), आकडीचे प्रयोग, सगळं एकाच मेनूत.

सगळ्यात चांगलं उतरलंय ते रेक्टसचं प्रॅक्टिकल. स्क्रीनवर ऑर्गन बाथ, म्हणजे स्नायू टांगायचं भांडं दिसतं, शेजारी रिंगरची, म्हणजे स्नायू जिवंत ठेवणाऱ्या क्षारांच्या पाण्याची बाटली, वर स्नायूला बांधलेली लिव्हरची काडी, उजवीकडे ती आलेख काढते तो फिरता ड्रम. ॲसिटिलकोलीन या स्नायू आवळणाऱ्या रसायनाचा डोस निवडायचा, ०.१ मिली, ०.२, ०.४, ०.८, आणि बटण दाबायचं. तीस सेकंद बेसलाइन, नव्वद सेकंद औषधाचा संपर्क, मग वॉश, म्हणजे औषध धुऊन काढणं, पाच मिनिटांचा फेरा, अगदी आम्ही करायचो तसाच. वेळ पुढे ढकलायची सोय आहे, त्यामुळे अडीच तासांचं काम पंचवीस मिनिटांत होतं. परिणाम वाढवणारं फायसोस्टिग्मिन टाकून आलेख डावीकडे सरकतो, परिणाम रोखणारं ट्युबोक्युरारिन टाकून उजवीकडे. पूर्वी साठ पोरांतल्या पाच-सहा जणांचाच आलेख नीट यायचा, बाकीचे त्यांचा उतरवायचे. आता शेवटच्या बाकावरच्या पोरीलाही आलेख का सरकला ते सांगता येतं. तोंडी परीक्षेत मला हा फरक दिसलाय. बेडूक मारून जे शिकवायचं होतं ते न मारता जास्त पोरांना कळतंय. मग त्या २,१४६ पैकी किती खरोखर लागणार होते, हा प्रश्न मला पडतो आणि त्याचं उत्तर मला आवडत नाही.

कारण त्या प्रयोगांचं उत्तर आधीच माहीत होतं. ॲसिटिलकोलीनने स्नायू आवळतो हे दर वर्षी, दर बॅचला नव्याने सिद्ध करायची गरज नव्हती. ओटो लोवी या शास्त्रज्ञाने १९२१ साली, मज्जातंतू चेतवून मंदावलेल्या एका बेडकाच्या हृदयाभोवतीचं पाणी दुसऱ्या बेडकाच्या हृदयावर सोडलं आणि दुसरंही मंदावलं. मज्जातंतूचा निरोप रसायनातून जातो हे तेव्हा जगाला माहीत नव्हतं. ते बेडूक एका नव्या गोष्टीसाठी गेले. आमचे बेडूक जर्नलमध्ये ‘बरोबर’ची खूण मिळावी म्हणून गेले. हा फरक मला तीस वर्षं लॅबमध्ये राहून कळला, आणि प्राण्यांच्या प्रयोगांवरचा वाद ऐकताना मी आधी हेच विचारते, उत्तर माहीत आहे की नाही?

आता दोष, कारण ते थोडेथोडके नाहीत.

पहिला म्हणजे सगळं फार गुळगुळीत आहे. ०.४ मिलीला पहिल्या वर्षी ४२ मिलिमीटर उंची आली, तीच प्रत्येक पोराला, तीच दर वर्षी. साठ जर्नलं तपासायला घेतली तर एकच जर्नल साठ वेळा वाचल्यासारखं. खरा स्नायू तसा वागत नाही. सकाळचा पहिला स्नायू तरतरीत असतो, दुपारपर्यंत थकतो. एखादा बेडूक आठवडाभर हौदात उपाशी राहिलेला, त्याचा स्नायू उठतच नाही. लिव्हर खाली आणायला बोटाने हलकं वजन टाकावं लागतं, नाहीतर स्नायू आवळलेलाच राहतो. दुसऱ्या वर्षी मला शिक्षकांच्या मेनूत खोल कुठेतरी ‘व्हेरिएशन’ नावाचा खटका सापडला. तो सुरू केला की उंची थोडी वरखाली होते. तो आधीपासून सुरूच का ठेवत नाहीत? ज्यांनी घेतलंय त्यांनी आजच शोधून सुरू करा.

त्याच जातीची दुसरी गोष्ट. वॉश न देता पुढचा डोस दिला तर चौकट येते, ‘आधी वॉश द्या’, आणि बटण चालतच नाही. खऱ्या प्रयोगात असं कुणी थांबवत नाही. डोसावर डोस चढतो, आलेखाची शिडी होते, आणि पोराला आपली चूक ड्रमवर दिसते. चूक करू न देणारं यंत्र चूक ओळखायला शिकवत नाही. उद्या हीच पोरं कुठल्यातरी कंपनीत आकडे तपासायला बसणार आहेत.

बेडकाच्या अन्ननलिकेचा प्रयोग मला मनापासून आवडायचा, मारावं लागायचं ते सोडून. अन्ननलिका उभी कापून बुचाच्या फळीवर टाचण्यांनी ताणून लावायची, रिंगरने ओली ठेवायची, आणि एका टोकाला खसखशीचा एक दाणा ठेवायचा. तो आपोआप चालायला लागतो. आतल्या पेशींना केसासारखे बारीक तंतू असतात, ते दाण्याला पुढे पुढे ढकलतात. घड्याळ लावून वेळ मोजायचा, मग ॲसिटिलकोलीन टाकून परत मोजायचा, दाणा भराभर जातो. खसखस मी घरून आणायची, अनारशांसाठी आणलेल्यातली, कागदाच्या पुडीत. पोरं डोकी एकत्र करून, श्वास रोखून बघायची. सॉफ्टवेअरमध्ये एक काळा ठिपका डावीकडून उजवीकडे सरकतो. वेळ बरोबर, आकडे बरोबर, आणि बघताना कुणाचा श्वास रोखला जात नाही. इथे चित्राऐवजी खरा व्हिडिओ हवा होता. एकदाच, एका प्राण्यावर, सगळी काळजी घेऊन केलेलं चित्रीकरण हजार कॉलेजांना पुरलं असतं. सशाच्या डोळ्याच्या प्रयोगात त्यांनी खरे फोटो दिलेत, ॲट्रोपिनने मोठी झालेली बाहुली आणि शेजारी साधी बाहुली, आणि ते फार छान झालंय. म्हणजे जमतं त्यांना.

आणि आता ज्या गोष्टीने मला खरंच वाईट वाटलं ती. आकडीच्या प्रयोगात उंदराच्या कानांना क्लिपा लावून विजेचा झटका देतात, आणि मागचे पाय ताठ होतात का, औषध दिल्यावर तेवढे ताठ होत नाहीत का, हे बघतात. अपस्माराची औषधं अशीच तपासली गेली. या सॉफ्टवेअरमध्ये तो उंदीर व्यंगचित्रातला आहे. मोठे कान, गोल डोळे. झटका दिला की डोळ्यांत चांदण्या येतात आणि ‘टॉइंग’ असा आवाज होतो. पहिल्यांदा दाखवलं तेव्हा अख्खी बॅच हसली. त्यांचा दोष नाही, चित्रच हसवायला काढलंय. मी प्रोजेक्टर बंद केला आणि पोरांना सांगितलं की हा उंदीर कुठेतरी खरा होता, या तक्त्यातले सेकंद त्याच्या अंगावरून मोजलेत, आणि तुमच्या घरात कुणी फेनिटॉइन घेत असेल तर ती गोळी या टेबलावरून गेलेली आहे. वर्ग गप्प झाला. एक मुलगी नंतर माझ्याकडे आली. तिच्या धाकट्या भावाला फिट्स येतात. तीही हसली होती.

प्राण्याचा त्रास वाचवायला केलेली वस्तू प्राण्याच्या त्रासाची चेष्टा करायला शिकवत असेल तर तिचं अर्धं काम फुकट गेलं. कंपनीला मी दोनदा लिहिलं. साधं रेषांचं चित्र द्या, आवाज काढा. पहिल्या वेळी ‘नोंद घेतली आहे’ असं उत्तर आलं, दुसऱ्या वेळी तेही नाही. त्यामुळे आम्ही त्या भागाचा आवाज बंद ठेवतो आणि चित्र न दाखवता फक्त आकड्यांचा तक्ता उघडतो.

सेवेबद्दल थोडक्यात. वीस कॉम्प्युटरांचं लायसन्स, दर वर्षी नूतनीकरण. पहिल्या वर्षी दिलेली रक्कम पूर्वीच्या आमच्या दोन वर्षांच्या बेडूक, उंदीर आणि खाद्याच्या खर्चाएवढी होती, म्हणजे महाग म्हणता येणार नाही. पण चावी पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये आहे, आणि ते बिघडलं की वीसच्या वीस बंद. आमचं ऐन ऑक्टोबरात बिघडलं, नवं यायला सतरा दिवस गेले. तेवढे दिवस मी फळ्यावर आलेख काढून वेळ भागवली. सगळ्या सूचना इंग्रजीत आहेत. जत, आटपाडीकडून मराठी शाळेतून आलेल्या पोरांना ‘पोटेन्शिएशन’ म्हणजे एका औषधाने दुसऱ्याचा परिणाम वाढणं, हे आधी मलाच सांगावं लागतं. एक मराठी पान घालायला काय अडचण आहे कळत नाही.

एवढं झाल्यावर मोठ्या प्रश्नाकडे येते, कारण स्टाफरूममध्ये दर वर्षी त्यावर वाद होतो. एक सर म्हणतात, प्राण्याला हात न लावलेला फार्मासिस्ट म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं शिकलेला. आमच्या नव्या मॅडम म्हणतात, सॉफ्टवेअरने शिकवता येतं तर संशोधनही कॉम्प्युटरवर होऊ दे, सगळ्या प्रयोगशाळा बंद करा. मला दोघांचंही पटत नाही.

सरांना मी सुश्रुताची आठवण देते. सुश्रुतसंहितेत शिष्याने हात कसा बसवायचा ते सांगितलंय. कापायचं शिकायला कोहळा, दुधी भोपळा, काकडी. शिरा टोचायचं शिकायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. रोग्याच्या अंगाला हात लावायच्या आधी कमळाच्या देठावर सराव करा, असं सांगणारा ग्रंथ आपल्याकडे असताना पर्यायी साधनांना परदेशी खूळ म्हणायचं कारण नाही.

मॅडमना सांगते ते असं. सॉफ्टवेअर आपल्याला ४२ मिलिमीटर दाखवतं, कारण कुणीतरी आधी बेडकावर ते मोजून त्यात भरलंय. ज्याचं उत्तर कुणाकडेच नाही ते सॉफ्टवेअर कुठून देणार? कोव्हॅक्सिन आपण घेतली. माणसांवर मोठ्या चाचण्या होण्याआधी ती लस २० मकाक माकडांवर तपासली गेली, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत, आणि ती माकडं आपल्याच राज्यातल्या जंगलातून धरून आणली होती. मी दुसरा डोस घेऊन लसीकरण केंद्रावर अर्धा तास बसले होते तेव्हा मला ती वीस माकडं माहीत नव्हती. आता माहीत आहेत, आणि तरी मी लस घेतलीच असती. माझे थोरले दीर पूर्वी इन्सुलिन घ्यायचे ते जनावराच्या स्वादुपिंडातून काढलेलं. टोरांटोत १९२१ साली कुत्र्यांवर जे प्रयोग झाले त्यांतून ते आलं. १९८२ पासून जीवाणूंकडून करून घेतलेलं मानवी इन्सुलिन बाजारात मिळायला लागलं आणि हळूहळू जनावर त्यातून सुटलं. ते सुटायला साठ वर्षं लागली, पण सुटलं.

पण मॅडमच्या बाजूचंही एक मी विसरू शकत नाही. २००६ साली लंडनमध्ये एका नव्या औषधाचा पहिला डोस सहा धडधाकट माणसांना दिला. माकडांना त्याच्या पाचशे पट डोस देऊन काही झालं नव्हतं. ती सहाच्या सहा माणसं काही तासांत अतिदक्षता विभागात गेली. जीव वाचले, पण माकड म्हणजे माणूस नव्हे हे तिथे दिसलं. म्हणून माणसाच्या पेशींवर, पेशी बसवलेल्या चिपवर, वाढवलेल्या ऊतींवर काम चाललंय ते नुसत्या दयेपोटी नाही, जास्त खरं उत्तर मिळावं म्हणूनही आहे. आपल्याकडेही २०२३ मध्ये नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती होऊन अशा पद्धतींना जागा मिळाली. सौंदर्यप्रसाधनांसाठी प्राणी वापरायला तर २०१४ पासूनच बंदी आहे, आणि त्या बंदीने कुणाचं काही अडलेलं नाही.

आमच्याकडे एम.फार्मच्या संशोधनाला अजून उंदीर लागतात. त्यासाठी संस्थेची प्राणी-नीती समिती बसते, तिच्यात सरकारच्या नियंत्रण समितीने नेमलेला बाहेरचा माणूस असतो. अर्जात लिहावं लागतं, पर्याय का नाही, संख्या एवढीच का, दुखू नये म्हणून काय करणार. गेल्या वर्षी एका मुलाने छत्तीस उंदीर मागितले होते. बाहेरच्या सदस्यांनी विचारलं, दोन गट एकत्र केले तर? चोवीसात भागलं. बारा उंदीर त्या एका प्रश्नाने वाचले. वादात मला हे बोलणं जास्त जवळचं वाटतं, माझ्या रजिस्टरच्या भाषेतलं आहे म्हणून.

रिंगरबद्दल सांगायचं राहिलं. बेडकासाठीचं रिंगर मी स्वतः करायची. मीठ, पोटॅशियम क्लोराइड, खायचा सोडा, ग्लुकोज, आणि कॅल्शियम क्लोराइड वेगळं विरघळवून अगदी शेवटी, नाहीतर पाणी गढूळ होतं. सिडनी रिंगर लंडनचे डॉक्टर. १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते बेडकाचं हृदय कशात जास्त वेळ धडकतं ते बघत होते. नुसत्या मिठाच्या पाण्यात ते छान धडकत राहिलं, त्यांनी तसं छापूनही टाकलं. मग लक्षात आलं की त्यांच्या मदतनिसाने डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाचं पाणी घातलं होतं, आणि नळाच्या पाण्यात कॅल्शियम होतं. डिस्टिल्ड पाणी घेतलं तर हृदय बंद पडायचं. कॅल्शियमशिवाय हृदय चालत नाही हे त्यातून कळलं. पुढे हार्टमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी त्यात लॅक्टेट घातलं, आणि आज प्रत्येक दवाखान्यात टांगलेली असते ती आरएलची बाटली झाली, रिंगर लॅक्टेट. एका टेक्निशियनच्या हातून पाण्याची बाटली बदलली, ही गोष्ट मी दर वर्षी सांगते आणि मला ती दर वर्षी नवीन वाटते.

गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंना जुलाब होऊन मिरजेला दवाखान्यात ठेवलं. वय ब्याऐंशी, हाताची शीर सापडत नव्हती. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी आल्यावर वर टांगलेल्या बाटलीकडे बघून म्हणाल्या, ‘ह्यात काय असतंय गं?’ मी सांगितलं, क्षार असतात, पाणी असतं. आणि मग पहिल्यांदाच त्यांना रिंगरची गोष्ट सांगितली, बेडकाच्या हृदयाची. त्या बराच वेळ थेंब पडताना बघत राहिल्या.

‘म्हणजे आता ह्यात बेडूक नाही?’

‘नाही आई. आता नाही.’

‘तेव्हा होता.’

‘होता.’

त्यांनी मोकळा हात माझ्या हातावर ठेवला. आंघोळीचं, मागच्या दाराचं आम्ही दोघींनी कधीच बोललेलं नाही, त्या दिवशीही नाही. त्या रात्री णमोकार म्हणताना त्या नेहमीपेक्षा जास्त वेळ बसल्या.

हे सॉफ्टवेअर रेक्टसच्या प्रयोगात पहिल्याच पानावर ‘रिंगर’ लिहिलेली बाटली दाखवतं. तिच्यावर क्लिक केलं की काय काय किती ग्रॅम ते येतं. कुणाचं नाव, कशावरून, काही नाही. एवढ्या मोठ्या पॅकेजमध्ये, आठशे रुपयांच्या पुस्तकात असतो तेवढाही इतिहास नाही. हे आकडे कुठल्या प्राण्यांवरून आले, किती होते, कोणत्या साली, हे प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला तीन ओळींत लिहावं, ही माझी कंपनीला तिसरी मागणी. ती मी याच महिन्यात पाठवलीय.

तोवर आम्ही आमची सोय केलीय. २०१९ च्या महापुरात खालच्या स्टोअरमध्ये पाणी शिरून जुने ड्रम गंजले, पण वरच्या कपाटातला एक धुराचा कागद वाचला, ड्रमवर गुंडाळून ज्यावर पूर्वी आलेख घ्यायचो तसला. रॉकेलच्या दिव्यावर काजळी धरलेला, लाखेच्या द्रावणात बुडवून पक्का केलेला. काळ्यावर पांढऱ्या रेघा, चढत्या चार उंच्या, चौथी जरा वाकडी, कारण बेडूक थकला होता. कोपऱ्यात टाचणीने कोरलंय : ‘०.८, बे. २, १८-८-०९’. अक्षर माझं. सॉफ्टवेअर सुरू करायच्या आधी तो कागद मी बाकांवरून फिरवते. सगळे हळू धरतात, कुणाला सांगावं लागत नाही.

चार्ज देण्याची यादी करायला घेतलीय. नव्या टेक्निशियनसाठी डोंगल १, लायसन्सची फाइल १, आणि खाली शाईने लिहिलंय : धुराचा कागद १, बेडूक रजिस्टर ३. रद्दीत घालू नये.